राजवाड्याच्या डोक्यावरची माती

पिंपळकोट, ता. शहादा
रामनवमीचा दुसरा दिवस

चि. सौ. रंजिता हिला रूपचंदकाका आणि जसोदाकाकू यांचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेमकुशल आहे. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरंखोटं पुढे वाचून तूच ठरव. सुरतेला उन्हाळा कसा काय? जावईबापू धर्मेंद्रराव यांच्या पाठीला आराम पडला का? त्यांना म्हणावं, पाठीला गादी नको, लाकडी फळी हवी. मी महिनाभर फळीवरच झोपतोय. का झोपतोय तेही पुढे येईल. आमची केळी बरी आहे, ऊस कारखान्याने फार रखडवून नेला, आणि तुझ्या काकूचे गुडघे दुखतात पण तोंड चालतं, म्हणजे तिची प्रकृती उत्तम.

तू म्हणशील, घरोघरी फोन असताना काकाला पत्राचं खूळ कुठून लागलं. तर फोन केला की तू पहिल्याच वाक्याला म्हणतेस, ‘काका, वाड्याचं सोडून बोला.’ आता बेटी, पिंपळकोटात वाड्याचं सोडलं तर बोलायला उरतं काय? उरतो तो सारंगखेड्याचा घोडेबाजार, आणि तो वर्षातून एकदाच असतो. पत्राचं तसं नाही. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू माणसाचं अक्षर फाडणाऱ्यातली नव्हेस. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, तुला बोलावण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या दिवशी, अक्षय्य तृतीयेच्या भर सणाला, तू ‘ही छतावरची माती उतरेल तेव्हाच या घरात पाय टाकीन’ असं म्हणून निघालीस, आणि तुझे बापू ‘मग नको टाकू’ म्हणाले. बापलेकीच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये एवढी अक्कल मला आहे. मी फक्त आपल्या राजवाड्याच्या बांधकामाचा इतिहास कळवतोय. कारण येत्या पावसाळ्यात ते छत खाली येणार असं जाणकार सांगतात, आणि त्या छताखाली माझे मित्र जालमसिंग, म्हणजे तुझे बापू, एकटे राहतात. तेव्हा शांतपणे वाच.

आपलं संस्थान केवढं होतं हे तुला ठाऊकच आहे. राजाचा घोडा उधळला की शेजारच्या हद्दीत जाऊन थांबायचा, आणि मग त्या घोड्यावरून दोन संस्थानांत खलिते जायचे. एवढ्याशा राजाला राजवाडा हवा कशाला? पण तुझे खापरपणजोबा भावसिंग एकदा गुजरातेत कोणा बड्या संस्थानिकाकडे लग्नाला गेले. तिथे गर्दी एवढी की पहारेकऱ्याने त्यांना फाटकाच्या आत घेतलंच नाही. (पागोटं बघून शेतकरी समजला. फार चुकला असंही नाही.) आपले राजेसाहेब दिवसभर फाटकाबाहेर उभे राहून महाल बघत राहिले आणि घरी येऊन म्हणाले, अस्साच बांधायचा. आता त्यांनी महाल पाहिलेला फक्त समोरून. त्यामुळे आपला वाडा समोरून महाल आहे, कमानी आहेत, झरोके आहेत, वर दगडी मोर आहेत. गवंड्याने विचारलं, मागची बाजू कशी काढू? राजेसाहेब म्हणाले, महाल मागून कसा असतो ते मला कोणी दाखवलं नाही, तुला जमेल तसं कर. गवंड्याला गोठा जमत होता. तू लहानपणी विचारायचीस ना, की आपल्या राजवाड्यात मागच्या दाराने म्हशी का येतात? त्यांच्या मते तो गोठाच आहे आणि पुढे कोणीतरी उगाच कमानी लावल्या आहेत.

त्या कमानींतच खजिना संपला आणि भिंती उघड्या राहिल्या. पावसाळा तोंडावर. राजेसाहेब मान खाली घालून बसलेले. तेव्हा गाव म्हणालं, बापजी, आमच्या घरांना धाबं आहे तसं तुमच्या वाड्यालाही घालू. लाकडं टाकली, त्यावर तुरीच्या काड्या, त्यावर चिखल, आणि आखाजीच्या दिवशी घरटी एक एक पाटी खारी माती, ती पांढरी, खारट, पाणी न झिरपू देणारी. तिसऱ्या प्रहरापर्यंत छत तयार. भावसिंग राजे म्हणे लहान पोरासारखे रडले. म्हणाले, गावाने माझ्या डोक्यावर छप्पर घातलं, आता दर आखाजीला प्रत्येक घराने एक पाटी आणायची, वाड्यात जेवायचं, आणि मगच घरी जायचं. झालं, रीत पडली. बायका खापरावर मांडे करायच्या, आमरसाची घंगाळं भरायची, पुरुष ओट्यावर पत्ते कुटायचे, आणि वर माती चढायची. यात घोटाळा एकच झाला. नवी खारी टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी लागते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आपापल्या घरी सगळे काढतातच. पण राजाच्या डोक्यावरची माती काढायची कोणी, आणि कोणाची? कोणीच काढली नाही. दरसाल गाव माती घालत राहिलं.

पुढे तुझे पणजोबा पर्वतसिंग गादीवर आले तेव्हा दरबारातल्या तुळया पोटुशा बाईसारख्या खाली आलेल्या. सुतार म्हणाला, माती उतरवा. पर्वतसिंगांनी गावाला विचारलं, तर कोणाची पाटी आधी खाली आणायची यावरून दोन भावकीत डोकी फुटली. तेव्हा त्यांनी सातपुड्यातून साग आणला आणि तुळयांखाली खांब दिले. दोन-चार वर्षांनी खांबांच्या मधल्या तुळया वाकल्या. मग त्यांच्याखाली खांब. असं करता करता दरबारात खांबच खांब झाले आणि दरबाराला जागा उरली नाही. फिर्यादीला राजा दिसेना, राजाला फिर्यादी दिसेना. न्याय नुसत्या आवाजावर व्हायचा. एकदा म्हणे उसाच्या चोरीचा निकाल चोराऐवजी पाणी घेऊन आलेल्या भालदाराला लागला, कारण ‘हाजिर आहे’ असं तोच म्हणाला होता. (त्याने शिक्षा भोगली आणि चोराने पुढे पाणी आणायचं काम धरलं, असं सांगतात. मला पटत नाही, पण गावात या गोष्टीवर शंका घेतली तर राग येतो.) त्या काळापासून पिंपळकोटची माणसं मोठ्याने बोलतात. तुझी सुरतेची शेजारीण तुला हळू बोला म्हणते ना, तिला हे कळव.

तुझे आजोबा मोहनसिंग मोठे हुशार. मी त्यांना पाहिलंय, मिशीला तूप लावायचे. त्यांनी विचार केला की धाब्याच्या वर पत्रे ठोकावेत, म्हणजे पाऊसही थांबेल आणि मातीही. पत्र्यावर कोण माती टाकतो? गावाने टाकली. आखाजीला लोक पाट्या घेऊन वर गेले, पत्रे पाहिले, म्हणाले राजेसाहेबांनी नवीन छत केलं, बिचारं उघडं आहे. तिसऱ्या वर्षी पत्रे बसले ते जुन्या मातीवरच आडवे झाले. म्हणजे आज तुमच्या डोक्यावर खाली माती, मध्ये पत्रा आणि पुन्हा माती आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच कुठे दिसत नाही. वर एरंड वाढलाय, गुडघाभर गवत आहे, आणि आमशा मेंढपाळाची एक शेळी दोन वर्षांपासून वरच आहे. तिला खाली यायची गरज भासत नाही.

आता चालू राज्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात बापूंच्या डाळीच्या पातेल्यात ढेकूळ पडलं. ते म्हणाले, खारी आहे, मीठ घालायला नको. माझा पुतण्या ईश्वर अभियंता आहे, त्याला घेऊन गेलो. त्याने खांबांतून वाट काढत वर पाहिलं, हात जोडले आणि तसाच उलट्या पावली बाहेर आला. म्हणाला, काका, या छताला मी नमस्कार करतो पण खाली उभा राहत नाही. ही माती कोरडी आहे तोवर हे खांब तिला धरून आहेत. पुढचा मोठा पाऊस प्यायली की धरणार नाहीत. आखाजीच्या आसपास उतरवा, सगळी नाही तर निम्मी तरी. मी बापूंना आमच्या घरी राहायला चला म्हटलं. ते म्हणाले, राजा भाड्याने राहत नाही. मी म्हटलं, भाडं कोण मागतंय. ते म्हणाले, मग तर मुळीच नाही.

लिंबाखाली गाव जमवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, माती उतरायलाच हवी. मग मी म्हटलं, चला, पहिली पाटी कोण उचलतो? तेव्हा सगळ्यांना आपापल्या चपला आठवल्या. चैत्या म्हातारा, ज्याचं आयुष्य आडवं बोलण्यात गेलं, तो उठून म्हणाला, “आम्हनी पाटी तं बठ्ठास्ना खाले शे. वरनी काढा पहिले.” त्यावर प्रत्येक घर सांगू लागलं की आमचीच पाटी सर्वांत खाली आहे, आमच्याच पूर्वजांनी पहिली टाकली. अरे, मग वरचं ओझं काय आभाळातून पडलं? शिवाय राजाच्या डोक्यावरून माती काढणं अपशकुनाचं, असं दोन-तीन जणांनी सांगितलं आणि तेवढ्यावर सभा आनंदाने मोडली. बापूंना विचारलं तर ते म्हणाले, “गावनी माती शे. मी कोन काढनारा?” गाव म्हणतं राजाचं डोकं, राजा म्हणतो गावाची माती, आणि पाऊस काही दोघांचं ऐकायला थांबणार नाही.

आता फळीवर झोपण्याचं कारण. मला राग आला. (येतो मला, तुला माहीत आहे. लहानपणी तू मला फटाकाकाका म्हणायचीस.) एका दुपारी बापू जेवून पडले होते. मी फावडं आणि पाटी घेऊन गुपचूप वर चढलो. म्हटलं, आपणच रोज चार पाट्या खाली फेकू, कोणाला कळतंय. शेळीने माझ्याकडे असं पाहिलं जसं घरमालकीण विक्रेत्याकडे पाहते. पहिलं फावडं मारलं, दुसरं मारलं, तिसऱ्याला पायाखालचा सडलेला पत्रा खालच्या मातीसकट गेला आणि मी काखेपर्यंत आत. काखेपासून वर मी पिंपळकोटच्या उन्हात, काखेपासून खाली राजदरबारात. ओरडायची सोय नाही, ओरडलो तर गाव जमणार. पाय झाडतोय, खाली काही लागत नाही. एवढ्यात खालून तुझ्या बापूंचा आवाज आला, अगदी शांत, चहाला विचारणारा. “रूपचंद, च्या वरच पिशी का खाले ईशी?” मी विचारलं, मी आहे हे कसं ओळखलं? तर म्हणाले, धोतर नेसून माझ्या दरबारात वरून येणारा दुसरा कोण आहे.

शेवटी त्यांनीच खालून माझे पाय धरून जवळच्या खांबावर टेकवले आणि मी घसरत खाली आलो. खाली आल्यावर त्यांनी माझी पाठ झटकली आणि चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्या भोकाखाली नवा खांब उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ‘हा रूपचंदचा खांब’ म्हणून दाखवतात. राजघराण्याबाहेरचा असा मान मिळालेला मी पहिलाच. घरी तुझी काकू (ती माझ्याशी गुजरीत, आमच्या घरच्या बोलीत, भांडते, पण राग फार आला की अहिराणीवर येते, म्हणजे गल्लीलाही कळावं) म्हणाली, “ज्या वयमा मानसं काठी लेतस त्या वयमा तुम्ही फावडं लीसन धाबावर चढतस?” मी म्हटलं, आधी फळी आण. पाठ धरली होती.

मग मी दुसरा उपाय काढला. बापूंना म्हटलं, जुनी राहू दे, निदान या आखाजीला नवी तरी आणू नका म्हणून दवंडी द्या. त्यांनी चहाची कपबशी माझ्यापुढे सारली. मला वाटलं मान्य झालं. मग म्हणाले, “वरीसभर मन्ही पायरी कोन चढस, रूपचंद? माती बंद करशात तं मानसं बी बंद व्हतीन.” खरंच आहे ते. संस्थान गेलं, जमिनी गेल्या, आता लोकांना त्यांच्याकडे काय काम? मतं मागायलाही कोणी येत नाही, कारण घरात मत एकच. त्या एका दिवशी सगळं गाव त्यांच्या ओट्यावर जेवतं, पोरं खांबांत लपाछपी खेळतात, आणि तुझे बापू नवी पगडी घालून दारात उभे राहून प्रत्येक पाटीला हात लावतात. माझा राग तिथेच उतरला. मी त्यांना वेडा म्हणत होतो, पण रंजू, माझ्या म्हाताऱ्या मित्राला एकटं वाटतं, आणि ते त्याला सांगता येत नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

तर हा झाला राजवाड्याच्या बांधकामाचा इतिहास, मला जेवढा ठाऊक तेवढा. तुला काही करायला सांगत नाही. माणसाने आपल्या घराची माहिती ठेवावी, एवढाच हेतू. जावईबापूंना पुन्हा रामराम, नातवंडांना गोड पापा, आणि उन्हात फिरू नकोस.

तुझा,
रूपचंदकाका

ता. क. काकूने नागलीचे पापड आणि कुरडया वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. सुरतेला जाणाऱ्या गाडीत द्यायच्या तर चुरा होतो, असं ती म्हणते. मागच्या वर्षी झाला नव्हता.

ता. ता. क. वर लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा तुझी काकू म्हणाली, एवढी पानं लिहिली आणि कामाचं लिहिलंच नाही. आता लिहितो. सभा मोडल्यावर ती लिंबाखालून जात होती, तिने बायकांना सांगितलं, “आंडेर माहेरथून काय बी लई जाओ, घर कमी व्हत नही.” आपल्यात आंडेरने, लेकीने, माहेरचं धान्य नेलं, भांडं नेलं, गाय नेली, तरी कोणी ‘नेलं’ म्हणत नाही, ‘दिलं’ म्हणतात. मग माती नेली तर अपशकुन कसला? आखाजीला गावच्या सगळ्या लेकी येतातच. प्रत्येकीने आपल्या बापाच्या नावची एक पाटी खाली आणायची. कोणाची वर, कोणाची खाली हा तंटाच नको, कारण माती त्यांच्या बापाचीच. यावर गाव कबूल झालं. चैत्याला तीन लेकी आहेत, तो तर फुशारकीच मारू लागलाय की आमच्या तीन पाट्या उतरतील. सगळे वर चढतील, वाड्यात जेवतील, फक्त पाट्या या वेळी उलट्या दिशेला जातील. बापूंनाही सांगितलं. ते पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत. पण एक अडलंय. राजाच्या डोक्यावरची पहिली पाटी राजाच्या लेकीने उचलल्याशिवाय दुसरी कोणी हात लावणार नाही. आणि राजाला लेक एकच. तू म्हणतेस माती उतरल्याशिवाय येणार नाही, माती म्हणते तू आल्याशिवाय उतरणार नाही. आता मी पडलो तिसरा, मी काय करू?

ता. ता. ता. क. बापूंना या पत्रातलं काही माहीत नाही. हे मात्र माझ्याच्याने लपवून ठेववत नाही, म्हणून लिहितो. सगळ्या वाड्यात खांब नाही अशी एकच खोली उरली आहे, वरची, तुझी. तिथलं छत सर्वांत जास्त खाली आलंय. ईश्वरने तिथे आधी खांब द्या म्हणून हात जोडले, मी शिव्या दिल्या, सुतार दारात उभा केला, तरी बापूंनी त्याला आत येऊ दिलं नाही. ते झोपतातही तिथेच, खोलीला जाग राहावी म्हणून. मी चिडून विचारलं, या एका खोलीचं एवढं काय? तर म्हणाले, “मधमा खांब ठोका तं रंजू ई तवय झोका कोठे बांधसू?” आखाजीला लेकीचा झोका बांधायचा असतो, म्हणून तू गेल्यापासून दरवर्षी ते त्या वाकलेल्या तुळईला नवा दोर बांधतात, दिवसभर दाराकडे तोंड करून खाली बसतात, आणि संध्याकाळी सोडतात. या वर्षीचा दोर परवाच अक्कलकुव्याच्या बाजारातून आणला. पोरी, मातीचं पुढे बघू. तू ये.